शेक : बाजेखालच्या निखाऱ्यापासून इन्फ्रारेड सॉनापर्यंत

इन्फ्रारेड सॉना म्हणजे लाकडी फळ्यांची, काचेच्या दाराची, एकदोन माणसे जेमतेम बसतील एवढी खोली. तिच्या भिंतींत पाठीमागे, बाजूला आणि पोटऱ्यांच्या उंचीवर सिरॅमिकच्या नळ्या किंवा कार्बनची चपटी पॅनेल बसवलेली असतात. वीज सुरू केली की ती साधारण ८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात आणि समोर बसलेल्या माणसाच्या अंगावर उष्णतेचे किरण सोडतात. खोलीतली हवा मात्र ४५ ते ६० अंशांवरच राहते. फिनलंडच्या पारंपरिक सॉनात तापलेल्या दगडांमुळे हवाच ८० ते १०० अंशांवर जाते आणि तीच माणसाला तापवते. इथे हवेपेक्षा किरणांचे काम मोठे. वीसतीस मिनिटे बसायचे, घाम येऊ द्यायचा, बाहेर येऊन पाणी प्यायचे आणि पडून राहायचे, असा हा उपचार आहे. मोठ्या शहरांतल्या वेलनेस सेंटरांत थकवा घालवणारा, सांधे मोकळे करणारा, झोप आणणारा म्हणून त्याची जाहिरात होते.

बुलढाणा जिल्ह्यात ही केबिन अजून रोजच्या बोलण्यातली वस्तू झालेली नाही. पण तिच्यातली उष्णता इथल्या घरांना नवी नाही. बाळंतिणीच्या बाजेखालचे निखारे, रब्बीच्या हंगामात रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेल्यांची धुऱ्यावरची शेकोटी, फिजिओथेरपीच्या खोलीतला लाल दिवा आणि सरकारी दवाखान्यात नवजात बाळाच्या डोक्यावर लावलेला वॉर्मर, हे सगळे इन्फ्रारेड किरणांनीच ऊब देतात. म्हणून केबिनमध्ये काय घडते ते समजून घ्यायला वऱ्हाडातल्या शेक-शेगडीपासून सुरुवात करणे सोयीचे आहे.

हे किरण पहिल्यांदा ओळखले गेले ते १८०० साली. विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये लोलकातून सूर्यप्रकाश पाडला आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. या न दिसणाऱ्या किरणांना मराठीत अवरक्त म्हणतात. तापलेली प्रत्येक वस्तू ते सोडते. वस्तू जितकी जास्त तापलेली, तितकी तिच्या किरणांची लहर आखूड. सातआठशे अंशांवरच्या निखाऱ्याच्या किरणांचा जोर ३ मायक्रॉनच्या आसपास असतो, सॉनाच्या पॅनेलचा ६ ते ८ मायक्रॉनवर, तर माणसाची त्वचा स्वतः साडेनऊ मायक्रॉनच्या आसपासचे किरण सतत बाहेर टाकत असते. भिंतीशी बसलेला माणूस आणि भिंत यांच्यातही ही देवाणघेवाण चालू असते. भिंत गार असेल तर अंग थंड पडते, तापलेली असेल तर अंग तापते.

जाहिरातींत ठामपणे केला जाणारा एक दावा इथे तपासला पाहिजे. हे किरण दोनतीन इंच आत शिरून स्नायू आणि सांधे थेट तापवतात, असे सांगितले जाते. सॉनातल्या लांब लहरींच्या बाबतीत ते खरे नाही. त्वचेत पाण्याचा अंश मोठा असतो आणि पाणी या लहरी लगेच शोषून घेते, त्यामुळे त्या त्वचेच्या अगदी वरच्या थरातच, मिलिमीटरच्या अंशभर खोलीवर, संपतात. तांबड्या प्रकाशाला लागून असलेल्या आखूड लहरी काही मिलिमीटर आत जातात. त्यापुढे उष्णता नेते ते रक्त. त्वचेखालच्या केशवाहिन्या रुंदावतात, तिथले रक्त तापते आणि अंगभर फिरते. शरीराचे आतले तापमान अर्ध्या ते एका अंशाने चढते, नाडी जलद होते, रक्तदाब थोडा उतरतो, घाम सुटतो. हृदयाला होणारा हा व्यायाम चालण्याच्या व्यायामाशी काही अंशी मिळताजुळता आहे. मात्र स्नायूंना त्यात काहीच काम पडत नाही.

बाळंतिणीच्या शेकातही शरीर असेच वागते. पद्धत घरागणिक थोडी बदलते, पण तिचा क्रम बहुतेक ठिकाणी एकच. सकाळी तेलाने अंग चोळून कढत पाण्याने आंघोळ घातली जाते. गोवऱ्या आधी अंगणात पेटवतात आणि धूर पूर्ण निघून लाल निखारे उरले की ते घमेल्यात भरून आत आणतात. सुंभाच्या किंवा नवारीच्या बाजेवर जुने लुगडे किंवा पातळ गोधडी अंथरलेली असते. तिच्यावर बाळंतीण निजते, वरून पांघरूण घेते, कानांत कापूस आणि डोक्याला फडके. घमेले बाजेखाली कमरेच्या रेषेत सरकवतात. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वेखंड, लसणाची साले टाकली की धुरी सुटते. शेजारी बसलेली आई किंवा सासू, पूर्वी सुईण, तिला कूस बदलायला सांगते, कंबर, पाठ, मांड्या शेकून घेते, निखारा फार वाटला तर त्यावर राख ओढते. बाळाला बाजेवर न निजवता निखाऱ्यावर तापवलेल्या तळहाताने त्याचे पोट आणि टाळू शेकतात. सव्वा महिना हा क्रम चालतो. रोजच्या शेकानंतरची झोप, डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू, तूप, बाजरीची भाकरी आणि कुणी कामाला हात लावू न देणे, हा सगळा या उपचाराचाच भाग.

चरकसंहितेत हा प्रकार जवळजवळ जसाच्या तसा आहे. सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय पूर्णपणे स्वेदनावर, म्हणजे घाम काढण्याच्या उपचारावर आहे आणि त्यात अग्नीच्या साहाय्याने करायचे तेरा प्रकार दिले आहेत. शेवटचा होलाक स्वेद. जनावरांच्या शेणाच्या गोवऱ्यांचा बिछान्याएवढा ढीग पेटवायचा, तो नीट जळून धूर निघून गेला की त्यावर खाट मांडायची, तेल लावलेल्या माणसाने पांघरूण घेऊन त्यावर निजायचे. तेलाने चोळणे, धूर जाईपर्यंत थांबणे, पांघरूण, हे तिन्ही तपशील वऱ्हाडातल्या बाजेशी जुळतात. कुटी स्वेदात जाड भिंतींची, खिडक्या नसलेली गोल खोली आणि खाटेभोवती निखाऱ्यांच्या शेगड्या असतात. सॉनाच्या केबिनशी सर्वांत जवळचा नमुना मात्र जेन्ताक स्वेदाचा आहे, आणि त्याचे वर्णन एखाद्या मिस्त्रीला हातात देता यावे इतके नेमके आहे.

काळी किंवा सोनेरी माती असलेली चांगली जमीन निवडावी. तळ्याच्या दक्षिण किंवा पश्चिम काठावर, पाण्यापासून सातआठ हातांवर गोल खोली बांधावी. तिची उंची आणि रुंदी जास्तीत जास्त सोळा हात, लिंपण चांगले, झरोके पुष्कळ. आत भिंतीला लागून सभोवार हातभर उंच आणि हातभर रुंद ओटा असावा. मधोमध पुरुषभर उंचीची मातीची भट्टी उभारावी, तिला बारीक भोके आणि वर झाकण. खैरासारखे लाकूड तिच्यात जाळावे. लाकूड जळून धूर गेल्यावर, खोली तापल्यावर, तेल लावून कपडा पांघरलेल्या रुग्णाने आत जावे आणि ओट्यावर या कुशीवर, त्या कुशीवर निजावे. कितीही घाम आला, मूर्च्छा येतेसे वाटले तरी ओटा सोडायचा नाही, अशी ताकीद आहे, कारण ओटा सुटला तर दार सापडणार नाही आणि प्राणावर बेतेल. अंग हलके वाटू लागले, घाम मोकळा वाहिला की ओट्याच्याच आधाराने दारापर्यंत यायचे. बाहेर आल्यावर लगेच गार पाण्याला शिवायचे नाही. मुहूर्तभर, म्हणजे पाऊण तासाच्या आसपास, थांबून शीण गेल्यावर कोमट पाण्याने स्नान, मग जेवण.

या वर्णनात जुनेपणाच्या अभिमानापेक्षा मोलाची गोष्ट आहे ती सावधगिरी. चरक सांगतो की वृषण, हृदय आणि डोळे यांना शेक द्यायचा नाही, द्यावाच लागला तर अगदी सौम्य. शेक चालू असताना डोळ्यांवर स्वच्छ फडके, कणकेचा गोळा किंवा कमळाच्या पाकळ्या ठेवायच्या आणि हृदयावर गार मोत्यांचा, गार भांड्याचा किंवा ओल्या हाताचा स्पर्श होत राहील असे पाहायचे. गरोदर बाई, मद्य प्यालेला, जुलाब होत असलेला, तहानलेला, भुकेला, मधुमेही, कावीळ झालेला, अशांना स्वेदन वर्ज्य. घाम अति झाला तर तहान, दाह, मूर्च्छा आणि आवाज क्षीण होणे ही लक्षणे दिसतात, आणि त्यावर इलाज म्हणून ग्रीष्म ऋतूचीच दिनचर्या सांगितली आहे : मधुर, स्निग्ध, थंड. जास्त शेकलेला माणूस आणि उन्हाळ्याने पोळलेला माणूस यांना त्याने एकाच रांगेत बसवले.

विजेचा शेक आला तो अमेरिकेतून. जॉन हार्वे केलॉग या डॉक्टरने १८९१ साली बॅटल क्रीक इथल्या आपल्या आरोग्यधामात विजेच्या दिव्यांनी भरलेली पेटी बनवली आणि १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ती लोकांसमोर मांडली. आजच्या केबिनला वैद्यकात काही प्रतिष्ठा मिळाली ती मात्र जपानमुळे. कागोशिमा विद्यापीठात चुवा तेई यांनी १९८९ च्या सुमारास हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांसाठी वाओन नावाचा उपचार बसवला. इन्फ्रारेडने समान तापवलेल्या ६० अंशांच्या खोलीत १५ मिनिटे, मग ब्लँकेटमध्ये गुंडाळून ३० मिनिटे विश्रांती, आणि आधी-नंतर वजन करून जितके घटले तितके पाणी. शेकापेक्षा विश्रांती दुप्पट, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यावरच्या लहान अभ्यासांत रुग्णांची लक्षणे कमी झालेली दिसली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री चाचणीत हृदयावरच्या ताणाचे रक्तातले निदर्शक शेक घेणाऱ्यांत कमी झाले, पण दोन गटांतला फरक निर्णायक ठरला नाही.

बाकीचा पुरावाही असाच आशादायक पण तोकडा आहे. नेदरलंड्समध्ये २००९ साली संधिवाताचे १७ आणि मणक्याच्या दाहाचे १७ रुग्ण घेऊन चार आठवड्यांत आठ वेळा इन्फ्रारेड सॉना देण्यात आला. बसलेले असताना वेदना आणि ताठरपणा स्पष्ट कमी झाला, आजार वाढला नाही, पण नंतर टिकणारा फायदा सिद्ध झाला नाही. फिनलंडमध्ये २०१५ साली दहा पुरुषांवर केलेल्या अभ्यासात व्यायामानंतर सौम्य इन्फ्रारेड सॉना घेतल्यावर पायांची उसळी लवकर परत आली. अमेरिकेत २०१६ साली नैराश्याच्या रुग्णांना इन्फ्रारेडने अंग तापवणाऱ्या यंत्रात एकदाच ठेवून आतले तापमान साडेअडतीस अंशांपर्यंत नेण्यात आले. खोटा उपचार मिळालेल्या गटापेक्षा त्यांची लक्षणे पुढचे सहा आठवडे कमी राहिली. संख्या लहान असली तरी हा निष्कर्ष गांभीर्याने घेण्याजोगा आहे.

केबिन विकणारे मात्र बहुधा दुसराच अभ्यास पुढे करतात. फिनलंडमधल्या कुओपिओ भागातल्या २३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सरासरी वीस वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला तेव्हा आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत अचानक हृदय थांबून होणारे मृत्यू कमी आढळले. तो सॉना फिनलंडचा, ८० अंशांवरचा, आणि लहानपणापासूनच्या सवयीचा. शिवाय रोज सॉनात बसू शकणारा माणूस मुळातच धडधाकट असण्याची शक्यता जास्त. तो निष्कर्ष ५० अंशांच्या केबिनला चिकटवणे ग्राहकाची दिशाभूल आहे. घामावाटे विष बाहेर पडते हा दावा तर सोडूनच द्यावा. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. शरीरातला नको तो माल बाहेर काढायचे काम यकृत आणि मूत्रपिंड करतात. अर्ध्या तासात काट्यावर जे वजन घटते तेही पाण्याचेच, ते दोन पेले पाण्याने भरून येते.

कापूस वेचून पाठ धरलेल्या, सोयाबीन सोंगून कंबर आखडलेल्या माणसाला या सगळ्यातून काय मिळते, हा बुलढाणा जिल्ह्यापुरता खरा प्रश्न आहे. एका जागी दुखत असेल तर अंगभर घाम काढायची गरज नसते. कापडात गुंडाळलेली गरम विटकर, तव्यावर तापवलेल्या वाळूची किंवा मिठाची पुरचुंडी, तेल लावून गरम केलेले रुईचे पान, रबरी पिशवी, यांपैकी काहीही तेवढ्या जागेचे रक्ताभिसरण वाढवते आणि स्नायूंची आखड सोडवते. फिजिओथेरपीतला लाल दिवा हेच काम जास्त नेमकेपणे करतो : दीडदोन फुटांवरून, पंधरावीस मिनिटे, त्वचेला गरम-गार कळते की नाही ते आधी तपासून. तालुक्याच्या गावांतल्या पंचकर्म केंद्रांत डोके बाहेर ठेवून बसायची वाफेची पेटी असते, निर्गुडीच्या पाल्याचा वाफारा असतो. सर्वांग स्वेदाचा अनुभव तिथेही मिळतो, शिवाय समोर वैद्य असतो. इन्फ्रारेड केबिनचे वेगळेपण कोरड्या हवेत आणि सौम्य तापात आहे. वाफेत ज्यांना गुदमरते त्यांना ती सुसह्य वाटते.

उष्णतेची मात्रा राखणे म्हणजे काय, याचा सर्वांत चांगला धडा मिळतो तो बाळंतपणाच्या खोलीत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण होते तिथे नवजात शिशू कोपरा असतो आणि त्यात रेडियंट वॉर्मर. लोक ज्याला बाळाला पेटीत किंवा काचेत ठेवले म्हणतात, त्यातले हे एक यंत्र. बाळाच्या डोक्यावर इन्फ्रारेडचा तापता दांडा असतो आणि पोटावर चिकटवलेली छोटी तार त्वचेचे तापमान सतत मोजते. ते साडेछत्तीसच्या खाली गेले की दांडा तापतो, पोहोचले की मंदावतो, तार निसटली की भोंगा वाजतो. बाजेखालच्या घमेल्याला असे काही नाही. तिथे मोजमाप शेजारी बसलेल्या बाईच्या हाताला, आणि सुईणींची पिढी सरल्यावर तो जाणता हात प्रत्येक घरात उरलेला नाही. म्हणूनच बाळंतिणीच्या शेकाबद्दल डॉक्टर आणि घरातल्या मोठ्या बायका यांच्यात जो तणाव दिसतो, त्यात दोन्ही बाजूंचे ऐकण्यासारखे आहे. कमरेला मिळणारी ऊब आणि सव्वा महिन्याची सक्तीची विश्रांती यांची बाईला नितांत गरज असते. बंद खोलीतले निखारे मात्र कार्बन मोनॉक्साइड सोडतात, त्याला वास नसतो, आणि त्याने झोपेतच माणूस जातो. धुरीने बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना त्रास होतो. सीझरचे टाके ओले असताना शेक नको, आणि रक्त कमी असलेली बाई तापलेल्या बाजेवरून एकदम उठली तर चक्कर येऊन पडते. बाळासाठी तर कोणत्याही निखाऱ्यापेक्षा आईची उघडी छाती सुरक्षित. कातडीला कातडी लावून धरण्याची कांगारू पद्धत दवाखाने आता शिकवतात ती याचसाठी.

रोजच्या रोज एकाच जागी शेक घेतला तर त्वचेवर तांबूस-काळसर जाळी उमटते. शेकोटीशी पाय पसरून बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या नडग्यांवर ती दिसते. काश्मीरमध्ये फेरनच्या आत कांगडी धरणाऱ्यांच्या पोटावर, मांडीवर अशाच भाजलेल्या जागी वर्षांनंतर कर्करोग होऊ शकतो आणि त्याला कांगडी कर्करोग असे नावच पडले आहे. केबिनमध्ये उष्णता अंगभर विभागली जात असल्याने हा धोका कमी, पण पॅनेलला पाठ टेकून बसणे किंवा मधुमेहाने बधिर झालेले पाय नळीजवळ ठेवणे यातून भाजण्याचे प्रसंग येऊ शकतात.

मग प्रश्न ऋतूचा. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर सहाशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तुलनेने थंड. घाट उतरून मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावच्या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यात आले की एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. त्वचेचे तापमान असते तेहतीस ते पस्तीस अंश. हवा आणि भिंती त्याहून तापलेल्या असल्या की शरीराला किरणांनी किंवा वाऱ्याने उष्णता बाहेर टाकता येत नाही, उलट ती आत येते. उरतो फक्त घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि शेतात राबणाऱ्याचा तेवढा घाम दोनेक तासांतच जातो. पत्र्याच्या छताखाली दुपारी बसलेला माणूस वेळेची मर्यादा नसलेल्या इन्फ्रारेड सॉनातच असतो, कारण वरचा पत्रा साठ अंशांच्या पुढे तापून खाली किरण सोडत राहतो. अशा महिन्यांत वेगळा शेक घेण्याला काही अर्थ नाही. छताला चुना लावणे आणि रात्री अंग निवू देणे हाच त्या दिवसांतला आराम. शेकाचे दिवस कार्तिकापासून माघापर्यंतचे.

ज्याला केबिनमध्ये शेक घ्यायचा आहे त्याने सुरुवात ४५ अंशांवर आणि दहापंधरा मिनिटांनी करावी, आठवड्यातून दोनतीनदा पुरे. जेवून लगेच किंवा उपाशी बसू नये, दारू पिऊन तर मुळीच नाही. चक्कर, मळमळ, छातीत धडधड जाणवली की तत्क्षणी बाहेर यावे. चरकाच्या खोलीत ओटा न सोडण्यात शहाणपण होते, काचेच्या दाराच्या केबिनमध्ये बसून राहण्यात नाही. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, आतले तापमान ३९ अंशांपुढे गेले तर गर्भाच्या मज्जासंस्थेला अपाय होऊ शकतो, म्हणून तेव्हा पूर्ण वर्ज्य. मूल हवे असलेल्या पुरुषांनीही काही महिने टाळावा, उष्णतेने शुक्राणू घटतात. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, छातीत दुखणारे, झडप आकुंचलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचा दाब एकदम उतरू शकतो, आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्यांनी घामच कमी येतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. शरीरातले पाणी कमी पडले की त्यांना असह्य वेदनेचा झटका येतो, तेव्हा घाम काढणारा कोणताही उपचार त्यांच्यासाठी नाही.

पाण्याचा सल्लाही या जिल्ह्यात सरसकट देता येत नाही. वाओनसारखे आधी आणि नंतर वजन करून घट भरून काढणे ही चांगली रीत. अर्ध्या तासाच्या बैठकीत पाव ते अर्धा लिटर पाणी जाते, ते साध्या पाण्याने किंवा चिमूटभर मीठ घातलेल्या ताकाने भरून येते. पण पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुऱ्याच्या बऱ्याच गावांतून जातो. तिथल्या विहिरी आणि बोअरचे पाणी क्षारयुक्त असते, आणि संग्रामपूर-जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. ज्यांची मूत्रपिंडे आधीच थकलेली आहेत त्यांना घामाने आलेला पाण्याचा तुटवडा अधिक जाचतो. डायलिसिसवर असलेल्यांना दिवसाचे पाणी डॉक्टरांनी मोजून दिलेले असते, त्यामुळे शेकानंतर भरपूर पाणी प्या हे केबिनच्या दारावरचे वाक्य त्यांना लागू पडत नाही. त्यांच्या दुखत्या गुडघ्याला विटकरीचा शेक पुरतो, आणि तोही भाजत नाही ना हे दुसऱ्या कुणाच्या हाताने तपासून.